समुद्राची आच आणि आभाळाची झाक : अवरक्त ध्रुवणाचा आढावा

सप्टेंबर १९२१मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन ‘नारकुंडा’ बोटीने इंग्लंडहून मायदेशी परतत होते. समुद्राची निळाई म्हणजे निव्वळ आकाशाचं प्रतिबिंब, हे लॉर्ड रॅलींचं मत त्यांना पटत नव्हतं. त्यांनी डेकवरून निकल प्रिझममधून पाण्याकडे ठरावीक तिरक्या कोनातून पाहिलं आणि प्रिझम फिरवून पृष्ठभागावरची चकाकी पुसून टाकली. निळा रंग गेला नाही, उलट तो जास्त गडद झाला. निळाई पाण्याच्या पोटातूनच येते, हे त्यावरून स्पष्ट झालं. ‘नेचर’ला पाठवलेल्या त्या टिपणावर ठिकाण आहे मुंबई बंदर. परावर्तित प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं एका दिशेला झुकलेली असतात, या एका गुणाचा आधार घेऊन रामन यांनी समुद्राच्या रंगाचा प्रश्न धसास लावला.

निकल प्रिझमसारखाच एखादा पोलरायझर अवरक्त कॅमेऱ्यापुढे धरला, तर समुद्र निराळंच काही सांगतो. या प्रारणाला पाण्याचं पोट दिसतच नाही. १० मायक्रॉन तरंगलांबीचं प्रारण पाण्यात जेमतेम १५ मायक्रॉन शिरतं आणि १२ मायक्रॉनचं पाचेक मायक्रॉनमध्येच शोषलं जातं. माणसाचा केसही याहून जाड असतो. म्हणजे अवरक्तात समुद्र अपारदर्शक आहे आणि त्याची जी काही ओळख होते, ती सगळी त्याच्या कातडीची. शिवाय इथे समुद्र स्वतःच उजेड देतो. २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याचं प्रारण साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असतं. त्यामुळे कॅमेऱ्यापर्यंत दोन गोष्टी एकत्र येऊन पोहोचतात : पाण्याची स्वतःची आच आणि पाण्यावर पडलेली आभाळाची झाक. या दोहोंचं ध्रुवण एकमेकांना काटकोनात असतं. गेल्या साठ वर्षांत या विषयावर जे काम झालं, त्याच्या मुळाशी हेच आहे, आणि जिथे काम अडलं तिथेही अडचण हीच आहे.

मूळ भौतिकी जुनी आहे. काचेवरून परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित असतो, हे एटिएन मालूस यांनी १८०८मध्ये पॅरिसमध्ये पाहिलं. कोणत्या कोनाला हे ध्रुवण पूर्ण होतं, त्याचा नियम डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५मध्ये दिला आणि पुढे फ्रेनेल यांनी सगळी सूत्रं मांडली. पाण्यासाठी दृश्य प्रकाशात हा कोन उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंश येतो. परावर्तनात आडवी कंपनं जास्त परततात, उभी कमी. किर्खहोफ यांच्या नियमाने अपारदर्शक वस्तू ज्या दिशेची कंपनं कमी परावर्तित करते, ती जास्त उत्सर्जित करते. त्यामुळे पाण्याच्या स्वतःच्या प्रारणात उभी कंपनं वरचढ ठरतात. तापलेल्या पृष्ठभागातून तिरकं बाहेर पडणारं प्रारण ध्रुवित असतं, हे फ्रान्समध्ये अरागो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच टिपलं होतं. पुढे इलेक्ट्रॉनचा भार मोजून नोबेल मिळवणाऱ्या रॉबर्ट मिलिकन यांचा १८९५चा प्रबंधही रसरशीत तापलेल्या धातूंच्या अशाच ध्रुवणावर होता.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो आणि तो पुष्कळदा नजरेआड होतो. समुद्र आणि आभाळ यांचं तापमान सारखं असेल, तर ध्रुवण शून्य होतं. उत्सर्जनात आडव्या कंपनांची जेवढी तूट असते, तेवढीच भर परावर्तन घालतं. तेव्हा अवरक्तात समुद्राचं ध्रुवण हा एकट्या पाण्याचा गुण नाही, ते समुद्र आणि आभाळ यांच्यातल्या तफावतीचं माप आहे.

आकडे घालून पाहू. १० मायक्रॉनला पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.२२ आहे. सपाट पाण्याकडे उभ्या रेषेपासून ६० अंशांच्या कोनात पाहिलं, तर फ्रेनेलच्या सूत्रांनी आडव्या कंपनांचं परावर्तन सुमारे ६.९ टक्के येतं आणि उभ्या कंपनांचं अर्धा टक्का. म्हणजे उत्सर्जकता अनुक्रमे ०.९३१ आणि ०.९९५. समुद्र २८ अंश सेल्सिअसचा आणि आभाळ अगदी थंड, जवळजवळ रितं धरलं, तर उभ्या आणि आडव्या चित्रांत भासमान तापमानाचा फरक चारेक अंशांचा निघतो. प्रत्यक्षात आभाळ कधी रितं नसतं. हवा कोरडी असून आभाळ उणे ३० अंशांच्या वस्तूसारखं दिसत असेल, तर हा फरक पावणेतीन अंशांवर येतो. हवा दमट असून आभाळ ५ अंशांसारखं भासत असेल, तर सव्वा अंशाच्या आसपास. आणि डोक्यावर खाली आलेले ढग २० अंशांचे असतील, तर फरक उरतो फक्त अर्धा अंश. ध्रुवणाचं प्रमाण म्हणून लिहायचं तर २.२ टक्के, १.१ टक्के आणि ०.४ टक्के. पाणी तेच, कोन तोच. बदललं ते केवळ आभाळ. याच कारणाने, सोबत आभाळाचं मोजमाप नसलेले समुद्राच्या ध्रुवणाचे आकडे माझ्या मते अर्धवट आहेत. नीट छापलेल्या कितीतरी आलेखांत ही नोंद सापडत नाही, हे खटकतं.

तरंगलांबीगणिकही हिशेब बदलतो. अवरक्तात वातावरणाच्या दोन खिडक्या कामाच्या, एक ३ ते ५ मायक्रॉनची आणि दुसरी ८ ते १२ची. पहिल्या खिडकीत ४ मायक्रॉनला अपवर्तनांक १.३५ असतो, म्हणून पाण्याचं स्वतःचं ध्रुवण जास्त. तिथे थंड आभाळाचा वाटाही झपाट्याने घटतो. त्यामुळे रात्रीच्या वेळी ही खिडकी मोठी सोयीची. दिवसा मात्र तिच्यात सूर्य घुसतो. लाटांवरून उसळणारी सूर्याची तिरीप आडवी ध्रुवित असते आणि तिच्यापुढे पाण्याची उभी ध्रुवित आच फिकी पडते. म्हणजे सकाळ-संध्याकाळ एकाच पाण्याच्या ध्रुवणाची दिशा पालटू शकते. दुसऱ्या खिडकीत सूर्याचा त्रास नगण्य असतो. तिथे ११ मायक्रॉनला पाण्याचा अपवर्तनांक १.१५पर्यंत खाली येतो, परावर्तन कमी होतं आणि ध्रुवणही. दोन खिडक्यांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे बाष्प जिथे प्रारण गिळतं तिथे, जवळची हवाच पडदा होते आणि ध्रुवण जवळपास नाहीसं होतं. पाण्याचे हे प्रकाशीय स्थिरांक हेल आणि क्वेरी यांनी १९७३मध्ये एकत्र संकलित केले. आजही बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. मिठामुळे त्यात थोडा फरक पडतो, पण ध्रुवणाच्या दृष्टीने तो गौण आहे.

खरी गुंतागुंत लाटांची. समुद्र सपाट नसतो, तो लहानमोठ्या असंख्य पैलूंचा बनलेला असतो आणि प्रत्येक पैलूचा कल वेगळा. या कलांचं वितरण चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक यांनी शोधलं, आणि त्यांची पद्धत आजही थक्क करते. १९५१मध्ये हवाईतल्या माउई बेटाजवळ विमानातून त्यांनी सूर्याच्या चकाकीचे फोटो घेतले. चकाकीचा पट्टा जितका रुंद, तितके लाटांचे उतार तीव्र. १९५४मध्ये त्यांनी दिलेलं सूत्र साधं आहे : उताराच्या वर्गाची सरासरी = ०.००३ + ०.००५१२ × वाऱ्याचा वेग, वेग मीटर प्रतिसेकंदात. वारा १० मीटर प्रतिसेकंद असेल, तर उतार ढोबळमानाने १३ अंशांचे येतात. त्यांनी मुद्दाम पाण्यावर तेल पसरूनही फोटो काढले. तेलाखाली बारीक तरंग दबतात आणि हे मूल्य निम्म्या-तिसऱ्या हिश्श्यावर येतं. उपग्रहावरून सागराकडे पाहणारी कितीतरी गणितं आज सत्तर वर्षांनीही याच सूत्रावर उभी आहेत.

अवरक्ताच्या अभ्यासात हे वितरण हळूहळू मिसळत गेलं. १९६४मध्ये एफ. एफ. हॉल यांनी पाण्याच्या ध्रुवित उत्सर्जकतेवर लिहिलं आणि १९६०च्याच दशकात सॉन्डर्स यांनी समुद्र आणि आभाळ यांचं प्रारण एकत्र तपासलं. मसुदा आणि सहकाऱ्यांनी १९८८मध्ये खवळलेल्या समुद्राच्या उत्सर्जकतेची कोष्टकं दिली. वू आणि स्मिथ यांनी १९९७मध्ये एका लाटेवरून दुसरीवर जाणारं परावर्तनही हिशेबात धरलं. माझ्या मते या सगळ्यांत निर्णायक काम सॅन डिएगोच्या झाइस यांचं. क्षितिजाजवळ पाहताना लाटांची पाठ दिसत नाही, आपल्याकडे झुकलेले पैलूच तेवढे नजरेला पडतात, हे त्यांनी १९९५मध्ये गणिताने मांडलं. सपाट पाण्याचं सूत्र क्षितिजाशी उत्सर्जकता शून्यावर नेतं. खऱ्या समुद्रात तसं होत नाही, कारण दिसणारे पैलू आपल्याकडे वळलेले असतात आणि प्रत्यक्ष आपात कोन भासतो त्यापेक्षा लहान असतो. त्यांच्यातून परावर्तित होऊन येणारं आभाळही क्षितिजावरचं उबदार नसून थोडं वरचं, थंड असतं. एकाच दुरुस्तीने उत्सर्जन आणि परावर्तन दोन्ही बदलतात. फेसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बुडबुड्यांत सपाट पृष्ठ उरतच नाही, म्हणून तिथे ध्रुवण पुसट होतं.

मग १९९९मध्ये कोलोराडोतल्या बोल्डर इथल्या जोसेफ शॉ यांचा निबंध आला. या विषयात नव्याने शिरणाऱ्याने तोच आधी वाचावा. पाण्याकडे पाहणाऱ्या रेडिओमीटरला कोणत्या तरंगलांबीला किती ध्रुवण जाणवेल, हे त्यांनी आभाळाच्या प्रारणासकट काढून दाखवलं. हेतू व्यवहारी होता : रेडिओमीटरमधले तिरके आरसे स्वतःच थोडं ध्रुवण करतात. येणारं प्रारणही ध्रुवित असेल, तर तापमानात छुपी चूक शिरते. कातडीच्या तापमानात अंशाच्या दहाव्या भागाचा नेमकेपणा हवा असेल, तर ही चूक सोडून चालत नाही.

या विषयाला पैसा आणि माणसं मिळाली, ती बव्हंशी आरमारांकडून. कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या नौदल शिक्षणसंस्थेत कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ३ ते ५ मायक्रॉनच्या कॅमेऱ्यापुढे उभा पोलरायझर लावून सूर्याची चकाकी बरीचशी कापता येते आणि जहाज उठून दिसतं, हे दाखवलं. ही युक्ती ब्रूस्टरच्या कोनाजवळ उत्तम चालते. सूर्य मावळतीला टेकला आणि प्रारण पाण्याला घासून आलं, की उभी-आडवी दोन्ही कंपनं जोरात परावर्तित होतात आणि पोलरायझरची धार बोथट होते. ८ ते १२ मायक्रॉनला गणित उलटं असतं. तिथे समुद्राची आच उभी ध्रुवित, तर जहाजाच्या रंगवलेल्या, खडबडीत बाजूंचं ध्रुवण कमी. म्हणजे कोणता पोलरायझर लावायचा हे खिडकी, वेळ आणि आभाळ पाहून ठरवावं लागतं. या कामाने उपकरणं सुधारली, हे मान्यच. पण प्रश्न ‘जहाज किती दिसतं’ असा विचारला गेल्यामुळे समुद्र हा कचऱ्यात जमा झाला. मोजायचा विषय न राहता वजा करायची पार्श्वभूमी बनला. त्याची किंमत अजून मोजावी लागते आहे.

समुद्राच्या बाजूने विचारलेला सर्वांत जवळचा प्रश्न तेलाचा. खनिज तेलाचा अपवर्तनांक १.४५ ते १.५च्या घरात असतो, पाण्यापेक्षा बराच जास्त. आधीच्याच ६० अंशांच्या कोनाला तेलाच्या जाड थरासाठी आकडेमोड केली, तर उभ्या-आडव्या उत्सर्जकतेतला फरक पाण्याच्या अडीच पटींहून अधिक येतो. साध्या थर्मल कॅमेऱ्याला तेल दिसतं ते तापमानाच्या फरकामुळे. जाड तवंग दिवसा उन्हाने तापतो, रात्री पाण्यापेक्षा गार दिसतो आणि मधे दोनदा दोहोंची तापमानं जुळतात. त्या वेळी कॅमेरा आंधळा होतो. ध्रुवण त्या वेळीही शिल्लक असतं. अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या ‘पोलॅरिस सेन्सर टेक्नॉलॉजीज’ने याच तत्त्वावर कॅमेरे बनवले आहेत.

आपल्याला हे लांबचं नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली आणि तेल किनाऱ्यापर्यंत आलं. गोव्याच्या पुळणींवर पावसाळ्याच्या तोंडाला डांबराचे गोळे येऊन पडतात, ते समुद्रात दूर कुठेतरी सांडलेल्या तेलाचे. पण ऑगस्ट म्हणजे भरून आलेलं आभाळ. वर मांडलेलं ढगांचं उदाहरण तेलाला लावून पाहिलं : पाण्यात अर्ध्या अंशाचा फरक, तर तेलात सव्वा अंशाच्या आसपास. दोहोंत भेद उरतो, पण तो पाऊण अंशाचा आणि तोही सपाट पाण्यावर. आभाळ स्वच्छ आणि कोरडं असेल तेव्हा हाच भेद साडेचार अंशांच्या घरात जातो. थंड-कोरड्या हवेत पारखून घेतलेला कॅमेरा कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात तेवढाच चालेल, असं गृहीत धरणं धोक्याचं आहे. चालणार नाही असंही मी म्हणत नाही. पाऊण अंशाचा फरक आजच्या कॅमेऱ्यांच्या आवाक्यात आहे, मात्र उपकरणाच्या स्वतःच्या चुका त्याहून बऱ्याच लहान ठेवाव्या लागतील.

आणि या चुका बारीक असतात. तारांच्या जाळीचा पोलरायझर नको असलेली कंपनं गिळत नाही, परत फेकतो. त्यामुळे सेन्सरला त्या आरशात कॅमेऱ्याचंच अंतरंग दिसतं आणि त्याच्या आचेलाच समुद्राचं ध्रुवण समजलं जाण्याचा संभव असतो. पोलरायझर फिरवत एकामागून एक चित्रं घेतली, तर दोन चित्रांच्या मधे लाट पुढे सरकते आणि तिच्या हालचालीलाच ध्रुवणाचं रूप येतं. म्हणून अलीकडे प्रत्येक पिक्सेलवर वेगळ्या दिशेची जाळी बसवतात, ०, ४५, ९० आणि १३५ अंशांची. त्यात क्षण एकच राहतो, पण शेजारचे चार पिक्सेल समुद्राचे चार वेगळे तुकडे पाहतात आणि लाटेच्या कडांवर खोटं ध्रुवण उमटतं. दृश्य प्रकाशात झप्पा आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये ध्रुवणावरून लहान लाटांच्या उतारांचा नकाशा काढून दाखवला. अवरक्तात तेच रात्रीही करता आलं पाहिजे, कारण इथे पाण्याच्या पोटातून येणाऱ्या उजेडाची भेसळ नसते. फक्त प्रत्येक पैलूत आभाळाचा कोणता भाग उमटला आहे, हे माहीत हवं.

उपग्रहांच्या बाबतीत चिंता कमी आहे. इन्सॅट-३डी २०१३मध्ये गेला, पाठोपाठ ३डीआर आणि ३डीएस. २०२२मध्ये ओशनसॅट मालिकेतला ईओएस-०६ समुद्रतापमानाचं उपकरण घेऊन गेला. मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती देणारी हैदराबादची ‘इन्कॉइस’ अशाच तापमानांवर अवलंबून असते. भूस्थिर उपग्रहाला मुंबईजवळचा समुद्र बऱ्यापैकी वरून दिसतो, तिथे ध्रुवण नगण्य. तिरक्या नजरेच्या कडांवर मात्र ते मोजावं लागतं. सूक्ष्मतरंगांत तर २००३मध्ये गेलेल्या विंडसॅटने ध्रुवणावरून समुद्रावरच्या वाऱ्याचा वेग आणि दिशा काढून दाखवली. तिथे ध्रुवण मोठं आणि ढगांचा अडथळा कमी. औष्णिक अवरक्ताला ही चैन नाही. तेव्हा त्याची खरी जागा किनाऱ्यावर, जहाजावर आणि कमी उंचीवरच्या विमानांत किंवा ड्रोनवर आहे.

या आढाव्यात ज्यांची नावं आली, त्यांची खुल्या समुद्रावरची मोजमापं बहुतेक कॅलिफोर्नियासारख्या समशीतोष्ण किनाऱ्यांवरची किंवा प्रशांत महासागरातल्या बेटांजवळची आहेत. अरबी समुद्राचं पाणी २८ ते ३० अंशांचं, वरची हवा बाष्पाने जड आणि चार महिने ढग. ध्रुवण सर्वांत क्षीण होण्याची ही परिस्थिती आहे आणि म्हणूनच सिद्धान्ताची खरी परीक्षा इथे आहे. कोरड्या हिवाळ्यात आणि भर पावसाळ्यात, एकाच जागेवरून, एकाच कॅमेऱ्याने घेतलेली मोजमापं शेजारी ठेवली, तर समुद्र जवळपास तोच राहून आभाळ बदलल्याने काय होतं, हे थेट दिसेल. यासाठी उपग्रह लागत नाही. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, मुंबई-रत्नागिरीत किनाऱ्यालगत महाविद्यालयांचे भौतिकशास्त्र विभाग आहेत. पोलरायझर बसवलेला एक थर्मल कॅमेरा, वाऱ्याचं एक मापक आणि तापमान ठाऊक असलेल्या दोन काळ्या पृष्ठांची जोडी एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. ज्यांच्या हाती हे आहे त्यांना एकच विनंती : समुद्राचं प्रत्येक चित्र घेताना त्याच कोनाने वर वळून आभाळाचंही एक चित्र घ्या आणि दोन्ही एकत्र प्रसिद्ध करा.